पासष्टीनंतरचा गृहपाठ

भारतात औषधाची कोणतीही स्ट्रिप उलटी करून पाहिली की तिच्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली दिसते. ती किंमत रास्त आहे की अवाच्या सवा, हा वाद वेगळा. पण ती छापलेली असते, आणि नाशिकच्या दुकानात असते तीच नागपूरच्या दुकानातही असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना तिथल्या औषधाच्या दुकानात पहिला धक्का याच बाबतीत बसतो. नारिंगी डबीवर रुग्णाचे नाव असते, डॉक्टरांचे नाव असते, गोळी केव्हा घ्यायची तेही असते. किंमत मात्र नसते. काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या दोन वृद्धांना एकाच गोळीसाठी एकाच दिवशी वेगवेगळ्या रकमा मोजाव्या लागू शकतात, कारण तिथे हातात पडणारे बिल गोळीवरून ठरत नाही, ती घेणाऱ्याच्या विमा योजनेवरून ठरते.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठी या विम्याचे सरकारी नाव आहे ‘मेडिकेअर पार्ट डी’. पाच कोटींहून अधिक लोक आज त्यात आहेत. ही योजना समजायला अवघड आहे, असे तिच्याविषयी बोलणारे जवळजवळ सगळेच म्हणतात आणि लगेच ती समजावून सांगू लागतात. ती समजावून सांगण्याचा थोडा प्रयत्न मीही पुढे करणार आहे. मात्र माझे म्हणणे असे की ही अडचण वृद्धांच्या आकलनाची म्हणून पाहणे मुळातच चुकीचे आहे. औषध कंपन्यांशी भाव ठरवणे आणि कोणाला कोणते संरक्षण लागेल हे पाहणे, ही दोन्ही कामे सरकारची होती. २००३ साली ती अंगाबाहेर टाकण्यात आली. पहिले विमा कंपन्यांकडे गेले आणि दुसरे, ‘निवडीचे स्वातंत्र्य’ असे गोंडस नाव देऊन, सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या माथी मारले गेले. त्यातले पहिले काम सरकारने वीस वर्षांनी का होईना, अंशतः परत हाती घेतले आहे. दुसरे अजून तिथेच पडले आहे.

मागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण या रचनेतल्या बऱ्याच विचित्र गोष्टींचा उगम वैद्यकात सापडत नाही, राजकारणात सापडतो. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, कायद्यावर ३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स या गावी सही केली आणि पहिले कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या हाती दिले. त्या कायद्यात रुग्णालय होते, डॉक्टर होते. घरी रोज घ्यायची गोळी नव्हती. १९८८ मध्ये रेगन यांच्या काळात औषधांचा समावेश करणारा कायदा झाला, पण त्याचा खर्च वृद्धांनीच, त्यातही जास्त उत्पन्न असलेल्यांनी अधिक कर भरून, उचलायचा होता. त्यावर इतका संताप उसळला की ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागो शहरात संतप्त ज्येष्ठांनी डॅन रोस्टेनकोव्स्की या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, वजनदार सदस्याची गाडी अडवली आणि त्यांना गाडीतून उतरून पळ काढावा लागला. त्याच वर्षी तो कायदा रद्द झाला. ज्येष्ठ नागरिकांच्या मतांना कोणी हलके लेखू नये, हा धडा वॉशिंग्टनने त्या दिवशी गिरवला, आणि औषधांचा प्रश्न आणखी चौदा वर्षे मागे पडला.

शेवटी कायदा आला तो २००३ मध्ये, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीत. प्रतिनिधिगृहातले त्याचे मतदान २२ नोव्हेंबरच्या पहाटे सुरू झाले. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारे हे काम बहुमत जुळेपर्यंत सुमारे तीन तास ताटकळत ठेवण्यात आले आणि २२० विरुद्ध २१५ मतांनी विधेयक पार पडले. त्यात एक कलम असे होते की औषध कंपन्या आणि विमा कंपन्या यांच्यातल्या किमतींच्या वाटाघाटींत सरकारने हस्तक्षेप करू नये. माजी सैनिकांच्या आरोग्य खात्यासाठी औषधांची घासाघीस करणाऱ्या सरकारने देशातल्या सर्वांत मोठ्या औषध-ग्राहक वर्गासाठी मात्र तोंड उघडायचे नाही, असा त्याचा अर्थ होता. हे विधेयक ज्यांच्या समितीतून पुढे गेले ते बिली टॉझिन काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. याहून अधिक भाष्याची गरज मला वाटत नाही.

योजना १ जानेवारी २००६ पासून लागू झाली तेव्हा तिचा आराखडा असा होता: पहिले २५० डॉलर स्वतःचे, मग औषधांचा एकूण खर्च २,२५० डॉलरांवर जाईपर्यंत एक चतुर्थांश स्वतःचा, आणि त्यानंतर ५,१०० डॉलरांपर्यंत सगळाच्या सगळा स्वतःचा. हप्ता मात्र त्या काळातही भरत राहायचा. ५,१०० च्या पुढे गेल्यावर पुन्हा विमा जागा होई आणि रुग्णाकडून साधारण पाच टक्के घेई. मधल्या या पोकळीला अमेरिकन लोकांनी ‘डोनट होल’ म्हटले. आपल्याकडे कोणी मेदूवड्याचे भोक म्हटले असते. वड्याला भोक पाडतात ते तो आतपर्यंत नीट तळला जावा म्हणून. या योजनेच्या भोकाला तसले कोणतेही कारण नव्हते. दहा वर्षांत ४०० अब्ज डॉलरांच्या आत खर्च बसवायचा होता आणि बहुतेक मतदारांना काहीतरी मिळालेही पाहिजे होते. म्हणून सुरुवातीला थोडे, शेवटी थोडे आणि मध्ये खड्डा, असा हिशेब जुळवण्यात आला. आजारी माणसाला सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी त्या मधल्या टप्प्यावर, हे तो हिशेब मांडणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? ओबामा यांच्या २०१० च्या कायद्याने हे भोक हळूहळू बुजवायला घेतले आणि २०२० पर्यंत ते बुजले.

पण पाच टक्क्यांचा तो शेवटचा टप्पा तसाच राहिला आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. रक्तदाबाच्या गोळीचे पाच टक्के म्हणजे चिल्लर. कर्करोगाच्या महागड्या गोळ्यांचे पाच टक्के म्हणजे वर्षाकाठी हजारो डॉलर, काही औषधांच्या बाबतीत एकूण पदरमोड दहा हजारांच्याही पुढे. विमा असूनही उपचार परवडत नाही, अशी स्थिती ज्या देशात वृद्धांसाठी सरकारी विमा आहे त्याच देशात होती.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी बायडेन यांनी सही केलेल्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ने हे चित्र पालटले, आणि नाव महागाईचे असले तरी वृद्धांच्या दृष्टीने तो औषधांचाच कायदा ठरला. २०२३ पासून इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरांहून अधिक आकारता येत नाही. शिफारस केलेल्या लसी मोफत झाल्या; नागिणीची महागडी लसही त्यात आली. २०२४ मध्ये तो अमर्याद पाच टक्क्यांचा टप्पा गेला, आणि २०२५ पासून वर्षाच्या पदरमोडीला २,००० डॉलरांची कमाल मर्यादा लागली, जी २०२६ साठी २,१०० झाली आहे. एवढी रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच भरावी लागू नये म्हणून ती महिन्यामहिन्यांत वाटून घेण्याची सोयही झाली आहे. अर्थात ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

याहून दूरगामी बदल म्हणजे घासाघिशीवरची बंदी उठली. सरकारने पहिल्या फेरीत दहा औषधे निवडली आणि त्यांच्या नव्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. मधुमेहावरील जानुव्हिया या औषधाच्या महिनाभराच्या गोळ्यांची २०२३ मधली छापील यादीतली किंमत ५२७ डॉलर होती, ती ११३ वर आली. मधुमेहावरचेच जार्डिअन्स ५७३ वरून १९७ वर, आणि रक्त पातळ ठेवणारे एलिक्विस ५२१ वरून २३१ वर. यादीतल्या किमतीवर विमा कंपन्यांना आधीही सूट मिळत होती, त्यामुळे प्रत्यक्ष बचत या आकड्यांतल्या फरकाएवढी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही ५२७ आणि ११३ हे दोन आकडे शेजारी ठेवले की वीस वर्षे गप्प बसण्याची किंमत काय होती याचा अंदाज येतो.

मराठी वाचकाला या आकड्यांशी ताडून पाहता येईल असा एक आकडा आपल्याकडेही आहे. जानुव्हियातले द्रव्य सिटाग्लिप्टिन. त्याचे भारतातले पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत त्याच्या १०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या १०० रुपयांना मिळू लागल्या. म्हणजे महिन्याचे ३०० रुपये. अमेरिकेची घासाघीस करून आलेली किंमत त्याच्या कैक पट आहे. पेटंटची मुदत दोन देशांत वेगळी असल्याने ही तुलना सरळ नाही, हे मान्य. पण म्हणून आपल्याकडे सगळे आलबेल आहे असेही नाही. अत्यावश्यक औषधांच्या किमतींवर भारतात राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचे नियंत्रण आहे, पण रोजच्या गोळ्यांसाठी विमा नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचे, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे, संरक्षण आहे, ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. सांगलीतल्या निवृत्त शिक्षकाची मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी त्यांच्या पेन्शनमधूनच येते. भारताने किमतीला लगाम घातला आणि विमा दिला नाही. अमेरिकेने विमा दिला आणि २०२२ पर्यंत किमतीला हात लावला नाही. दोन्हीकडचे वृद्ध अर्धवट व्यवस्थेतच जगत आले.

आता निवडीकडे वळू, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. पार्ट डी म्हणजे सरकारने स्वतः चालवलेली एक योजना नव्हे. सरकार पैसे देते आणि नियम घालते. योजना खाजगी विमा कंपन्या विकतात. २००६ मध्ये देशभर अशा स्वतंत्र औषध योजना १,४२९ होत्या. २०२५ मध्ये त्या घटून ४६४ उरल्या. शिवाय ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’ या खाजगी एकत्रित विम्यातल्या औषध योजना वेगळ्याच. यातल्या आपल्या भागात मिळणाऱ्या योजनांमधून एक निवडायची. प्रत्येक योजनेची औषधसूची वेगळी, सूचीतल्या पायऱ्या वेगळ्या. एकीत दुसऱ्या पायरीवर असलेले औषध दुसरीत चौथ्या पायरीवर, म्हणजे चौपट-पाचपट महाग, असू शकते. कोणत्या औषधासाठी कंपनीची पूर्वपरवानगी लागेल, कोणत्या औषधाआधी स्वस्तातले दुसरे औषध घेऊन ते लागू पडत नाही हे दाखवावे लागेल, महिन्याला किती गोळ्या मिळतील, कोणते दुकान ‘पसंतीचे’ आणि कोणते नुसतेच यादीतले, हे सगळे योजनेगणिक बदलते. आणि ते दर वर्षी बदलते. म्हणून दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्रत्येक वृद्धाने आपल्या औषधांची यादी काढून हा सगळा ताळा पुन्हा करावा, अशी अपेक्षा आहे. शाळेतून सुटका होऊन पन्नास वर्षे झालेल्या माणसाला हा वार्षिक गृहपाठ.

तो किती जण करतात? बहुसंख्य करत नाहीत. एकदा घेतलेली योजना तशीच पुढे चालू राहते. जेसन अबालक आणि जोनाथन ग्रुबर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की बहुतेक वृद्धांनी आपल्या हिताची सर्वोत्तम योजना निवडलेली नव्हती, आणि चूक एकाच दिशेने होत होती: लोक मासिक हप्त्याकडे फार पाहतात आणि औषधांवर प्रत्यक्ष होणाऱ्या पदरमोडीकडे कमी. यात वृद्धांना हसण्यासारखे काही नाही. हप्ता जाहिरातीत ठळक छापलेला असतो, आणि पदरमोड सूचीच्या शे-दीडशे पानांत कुठेतरी लपलेली असते. कमी हप्त्याची योजना घेऊन जानेवारीत दुकानात गेल्यावर कळते की डिडक्टिबल म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, २०२५ साठी ५९० डॉलरांपर्यंत आणि २०२६ साठी ६१५ पर्यंत, आपल्या औषधाला लागू होते. विमा कंपन्यांनाही ही सवय ठाऊक असते. पहिल्या वर्षी हप्ता कमी ठेवायचा आणि माणूस स्थिरावला की वाढवायचा, हा प्रकार या बाजारात दिसून आला आहे.

एक गोष्ट तर इतकी अविश्वसनीय आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१८ पर्यंत औषधविक्रेत्याशी झालेल्या करारात असे कलम असू शकत होते की ‘विमा न वापरता रोख पैसे दिलेत तर हे औषध तुम्हाला स्वस्त पडेल’ हे त्याने ग्राहकाला आपणहून सांगायचे नाही. विम्यातला रुग्णाचा वाटाच औषधाच्या रोख किमतीपेक्षा जास्त! ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा कलमांवर बंदी घालणारे कायदे करावे लागले. ज्या बाजारात दुकानदाराच्या तोंडाला असे कुलूप लावता येत होते, त्या बाजारात ग्राहकाने डोळसपणे निवड करावी अशी अपेक्षा बाळगणे ही थट्टाच म्हणायची.

या रचनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मला डावलायचा नाही. योजनेचा सरकारी खर्च सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कमी निघाला. योजना उशिरा घेणाऱ्यांचा दंड वगैरे मोजण्यासाठी जो राष्ट्रीय पायाभूत हप्ता धरतात तो २००६ मध्ये ३२.२० डॉलर होता आणि २०२५ मध्ये ३६.७८, एकोणीस वर्षांत इतकी किरकोळ वाढ अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेत दुसरीकडे क्वचितच सापडेल. स्पर्धेचे श्रेय स्पर्धेला द्यायलाच हवे. पण सगळे श्रेय तिचे नाही. मूळ संरक्षणाच्या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार सरकारच उचलते, आणि २०२४ पासून या पायाभूत हप्त्याची वार्षिक वाढ सहा टक्क्यांवर रोखणारा नियमही आहे. शिवाय त्याच काळात कोलेस्टेरॉलवरच्या लिपिटॉरसारख्या मोठ्या खपाच्या औषधांची पेटंट संपली आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा पूर आला, ज्यात भारतीय कंपन्यांचा वाटा फार मोठा आहे. आज अमेरिकेत लिहून दिल्या जाणाऱ्या दहापैकी नऊ औषधे जेनेरिक असतात. आणि हप्ता स्थिर राहिला म्हणून खर्च स्थिर राहिला असेही नाही. २,००० डॉलरांच्या मर्यादेनंतरच्या खर्चातला मोठा वाटा नव्या नियमाने विमा कंपन्यांवर टाकला आहे. पूर्वी त्या टप्प्यात सरकार ८० टक्के भरत असे, आता ब्रँडेड औषधांसाठी कंपनीला ६० टक्के भरावे लागतात. हा बदल योग्यच आहे, पण तो झाल्यावर कंपन्या सूची आवळणार, पूर्वपरवानग्या वाढवणार आणि डिडक्टिबल कमाल मर्यादेला नेऊन ठेवणार हे उघड आहे. म्हणजे वरची मर्यादा आल्याने गृहपाठ सोपा होण्याऐवजी अधिक नेमका करावा लागणार, कारण सूचीबाहेरच्या औषधावर केलेला खर्च त्या मर्यादेत मोजला जात नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना इथेच एक वेगळी ठेच लागते. मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावलेल्या आई-वडिलांनी तिथे कधी नोकरी केलेली नसते. पासष्टी पूर्ण आणि कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाले की त्यांना हप्ता भरून मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, घेता येतो, आणि तो घेतला की पार्ट डी घेता येतो. पण त्या वेळी घरात होणारी चर्चा बहुधा अशी असते: ‘आपल्या गोळ्या आपण दर खेपेला पुण्याहून सहा महिन्यांच्या आणतोच, मग महिन्याला हे आणखी कशाला?’ हिशेब बिनतोड वाटतो. परंतु पार्ट डीचा नियम असा की पात्र झाल्यावर त्याच्या तोडीचे दुसरे औषध-संरक्षण नसताना सलग ६३ दिवस किंवा अधिक काळ गेला, तर पुढे जेव्हा केव्हा ही योजना घ्याल तेव्हा, चुकलेल्या प्रत्येक महिन्यामागे पायाभूत हप्त्याच्या एक टक्का दंड हप्त्यात मिळवला जातो, आणि योजना असेपर्यंत, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर, तो तसाच राहतो. चाळीस महिने उशीर झाला तर २०२५ च्या दराने महिन्याला १४.७० डॉलर जादा, आणि पायाभूत हप्ता वाढेल तसा दंडही वाढतो. पिशवीतून आणलेल्या गोळ्या हे त्या नियमाच्या दृष्टीने संरक्षण नव्हे. भारतात घेतलेल्या औषधाचे बिल पार्ट डी देत नाही आणि तो खर्च वार्षिक मर्यादेतही धरत नाही. आज तीन स्वस्त गोळ्यांवर भागणाऱ्या माणसाला उद्या कर्करोगाची गोळी लागली, तर ती पिशवीतून येणारी नसते. म्हणून, व्यवस्थेवर माझा कितीही राग असला तरी, आपल्या भागातली कमीत कमी हप्त्याची का होईना पण एक योजना वेळेत घ्यावी, असेच मी सांगेन.

या दंडामागचा विचार मला पटतो. सगळे जण आजारी पडल्यावरच विमा घेऊ लागले तर विमा चालणार नाही. खटकते ते दुसरेच: उशिराची शिक्षा सरकार महिना मोजून, दहा सेंटपर्यंत अचूक करते; मदत मात्र इतकी अचूक करत नाही.

आणि ती करता येण्यासारखी आहे. प्रत्येक पार्ट डी सभासदाने कोणते औषध कधी, कोणत्या दुकानातून, किती डॉलरला घेतले, याची नोंद सरकारकडे जाते. प्रत्येक योजनेची सूची, पायऱ्या, हप्ता आणि पुढल्या वर्षीचे बदलही सरकारकडेच असतात. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर आपली औषधे भरली की कोणती योजना वर्षाला किती पडेल ते तेथील संगणक काही क्षणांत सांगतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे, माहितीचे दोन्ही गठ्ठे सरकारच्या टेबलावर शेजारी पडले आहेत आणि ते एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम ऐंशी वर्षांच्या, नजर अधू झालेल्या माणसावर सोपवले आहे. दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रत्येकाला एका पानाचे पत्र जावे: तुमची सध्याची औषधे ही, तुमच्या सध्याच्या योजनेत पुढील वर्षी एकूण खर्च इतका, सर्वांत स्वस्त योजनेत इतका, बदलायचे असल्यास येथे सही करा. यासाठी नवा विमा नको, नवा कर नको.

मुळात सरकार काही लोकांसाठी निवड करतेच. कमी उत्पन्नाच्या वृद्धांना ‘एक्स्ट्रा हेल्प’ नावाची सवलत आहे. २०२४ पासून तिचा पूर्ण लाभ दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळतो आणि तिच्यामुळे हप्ता माफ होऊन गोळ्या काही मोजक्या डॉलरांत मिळतात. यातल्या ज्यांनी स्वतः योजना निवडलेली नसते त्यांना सरकार स्वतःहून एखाद्या पात्र योजनेत घालते, आणि त्या योजनेचा हप्ता पुढच्या वर्षी ठरावीक पातळीच्या वर गेला तर निळ्या कागदावरचे पत्र पाठवून दुसरीत हलवते. पण कोणत्या योजनेत घालायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. त्या माणसाची औषधे तिच्या सूचीत आहेत की नाहीत, हे पाहिले जात नाही. मेन या राज्याने आपल्या गरीब वृद्धांसाठी औषधांची यादी ताडून योजना ठरवण्याची पद्धत सुरुवातीच्या वर्षांतच वापरून दाखवली होती. म्हणजे हे अशक्य आहे ही सबब उरत नाही.

असे पत्र आले तर स्पर्धा संपेल, असा आक्षेप घेतला जातो. मला उलटे वाटते. आज कंपन्यांची चढाओढ हप्त्याचा आकडा लहान दाखवण्यावर आणि टीव्हीवरच्या जाहिरातींवर चालते. पत्रात एकूण खर्च छापला जाऊ लागला तर ती त्या आकड्यावर चालेल. लोकांची औषधे वर्षाच्या मध्येच बदलतात हा आक्षेप अधिक खरा आहे, पण तो स्वतः निवड करणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. दुसरा रास्त आक्षेप खाजगीपणाचा: आपल्या औषधांची यादी पत्राने घरी येणे कोणाला नको असेल, मानसिक आजारावरची औषधे घेणाऱ्याला तर नक्कीच. त्याला नकार कळवण्याची सोय द्यावी. नकाराची सोय देणे सोपे असते. मदत मागायला लावणे मात्र अवघड, कारण ज्याला ती सर्वाधिक हवी असते त्याला ती कुठे मागायची तेच ठाऊक नसते. प्रत्येक राज्यात ज्येष्ठांना आरोग्यविम्याबाबत मोफत सल्ला देणारी सरकारी मदतीवर चालणारी केंद्रे आहेत, प्रशिक्षित स्वयंसेवक तासभर बसून हे सगळे करून देतात, आणि तरीही असंख्य लोक फोनवर आलेल्या विमा दलालाच्या गळाला लागतात.

नवीन किमतींच्या बाबतीतही हेच दिसते. सरकारने भाव ठरवलेले औषध प्रत्येक योजनेला सूचीत ठेवावेच लागते, ही तरतूद चांगली आहे. पण ते कोणत्या पायरीवर ठेवायचे आणि त्यासाठी पूर्वपरवानगी लागेल का, हे बरेचसे कंपनीच्या हाती राहते. २०२७ पासून आणखी पंधरा औषधे या व्यवस्थेत येत आहेत, मधुमेहावरचे ओझेम्पिक त्यात आहे. २०२५ मधल्या नव्या कायद्याने दुर्मीळ आजारांवरच्या अधिक औषधांना घासाघिशीतून वगळले, म्हणजे दुसऱ्या बाजूने रस्सी ओढणे चालूच आहे.

योगायोग असा की मेडिकेअरची निवडीची मुदत आणि आपली दिवाळी एकाच सुमारास येतात. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत तेव्हा टेबलावर एकीकडे चिवड्याचे डबे आणि दुसरीकडे आजोबांच्या गोळ्यांच्या डब्या मांडलेल्या दिसतात, आणि नात लॅपटॉपवर त्यांची नावे एकेक करून भरत असते. ज्यांच्या घरी अशी नात नाही त्यांची यादीही मेडिकेअरच्या त्याच संगणकात आहे.